घरचा कॉम्प्युटर रोगसंशोधनाला द्यायचाय, पार्किन्सनसाठी काही चालू आहे का?

शर्वरी_चंद्रपूर

नमस्कार मंडळी,

माझ्या आईला पार्किन्सन आहे. निदान होण्याच्या आधीपासून कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहितानाचं तिचं अक्षर बारीक होत चाललं होतं. न्यूरॉलॉजिस्टनी तीच जुनी पानं मागवून घेतली आणि महिन्यामागून महिना लावून पाहिली. जानेवारीतला 'दीड लिटर' आणि ऑक्टोबरमधला 'दीड लिटर' शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या बायकांनी लिहिलेत असं वाटतं.

भाऊ नोकरीला पुण्याला गेला, त्याचा गेमिंग पीसी घरीच आहे. रायझन ५ प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. दिवसा मी त्यावर ट्यूशनच्या नोट्स काढते, रात्री तो बंदच असतो. घरच्या कॉम्प्युटरची ताकद संशोधनाला देता येते असं भाऊ म्हणाला. हे खरंच कामाचं आहे का, की नुसतं मनाचं समाधान? बाबांना बिलाची धास्ती आहे. मला उन्हाळ्याची, कारण आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. आणि त्याच मशीनवर आईच्या पेन्शनचं नेटबँकिंगही चालतं. कुणी स्वतः करत असेल तर सविस्तर सांगा.

अमरावतीचा_नाना

शर्वरीताई, मी करतो. माझं डीटीपी आणि रिपेअरिंगचं दुकान आहे. लग्नसराई सोडली तर मशिनी बराच वेळ रिकाम्या असतात. कोविडमध्ये दुकानाचं शटर खाली होतं तेव्हा सुरू केलं ते आजही चालू आहे.

तुम्हाला हवंय ते म्हणजे फोल्डिंग अ‍ॅट होम. २००० साली स्टॅनफर्डमध्ये विजय पांडे यांनी सुरू केलं, आता पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले ग्रेग बोमन ते चालवतात. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आजार निवडता येतो आणि यादीत पार्किन्सन आहे, अल्झायमर आणि कॅन्सरही आहेत. ती आपली पसंती असते. त्या आजाराचं काम त्या वेळी शिल्लक नसेल तर दुसरं येतं, ते येऊ द्या.

काम काय असतं ते सांगतो, कारण ते कळलं की मन लागतं. आपल्या शरीरातली प्रोटीनं घडी घालून ठरावीक आकार घेतात आणि सतत हलत असतात. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या पेशींत अल्फा-सायन्यूक्लीन नावाच्या प्रोटीनचे पुंजके साचलेले दिसतात. असं प्रोटीन कसं हलतं, कुठे वळतं, हे कॉम्प्युटरवर अणू-अणू मांडून पाहायचं असतं. त्यात एक पायरी साधारण दोन फेम्टोसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या अतिशय बारीक तुकड्याची. एका सेकंदाच्या हजाराव्या भागाची हालचाल पाहायची तर अशा पन्नास हजार कोटी पायऱ्या लागतात, आणि प्रत्येक पायरीला हजारो अणूंचं गणित. एका मशीनच्या आवाक्यातलं हे काम नाही. म्हणून त्याचे तुकडे पाडून जगभर वाटतात. एका तुकड्याला वर्क युनिट म्हणतात. तुमचं मशीन ते सोडवतं, उत्तर परत पाठवतं, पुढचं घेतं. तुमचा भाऊ ज्या कार्डावर गेम खेळायचा, तेच कार्ड या गणिताला सगळ्यात चांगलं.

आता बिल. तुमचं कार्ड पूर्ण जोरात १७० वॅट खातं. आफ्टरबर्नर नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि पॉवर लिमिट सत्तर टक्क्यांवर आणा. कामाचा वेग त्या मानाने थोडाच कमी होतो, उष्णता मात्र चांगलीच उतरते. फोल्डिंगमध्ये सीपीयूचे (मुख्य प्रोसेसरचे) कोअर शून्य करा, कार्ड एवढंच चालू द्या. अख्खं मशीन दोनशे वॅटच्या आसपास राहील. रोज रात्री सहा तास म्हणजे १.२ युनिट, महिन्याला ३६. बाबांना विचारा, सध्या महिन्याला किती युनिट येतात. ३६ मिळवून आकडा तीनशेच्या आत राहत असेल तर निवांत चालवा. तीनशे ओलांडत असेल तर पुढच्या युनिटांचा दर चढतो, मग एकाआड एक रात्र करा. घरातल्यांना न विचारता मात्र चालवू नका. बिल सगळ्यांचं आहे.

एप्रिल-मेमध्ये सरळ बंद ठेवा. विदर्भात कुणी वर्षभर मशीन तापवावं असं माझं मत नाही. एरवीही आधी कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ उडवा. ज्या मशिनी 'फोल्डिंगने जळाल्या' म्हणून माझ्याकडे आल्या, त्यांच्या पंख्यांत केसांचे आणि धुळीचे बोळे होते.

तर्कट

प्रामाणिकपणे विचारतो. ३६ युनिटांचे पैसे होतात तेवढे दरमहा एखाद्या संशोधन संस्थेला किंवा रुग्णांच्या गटाला दिले तर जास्त उपयोग नाही का? दोन तपांच्या वर हे चालू आहे, औषधं किती निघाली?

पेशी_आणि_पोहे

पुण्यात प्रोटीनवर पीएचडी करतेय, म्हणून थोडं लिहिते. प्रश्न रास्त आहे.

तयार गोळी हातात पडण्याच्या खूप आधीच्या टप्प्यावर हे काम चालतं. इबोलाचं व्हीपी३५ नावाचं प्रोटीन घ्या. त्याचा नेहमीचा आकार पाहिला तर औषधाला पकडायला जागाच दिसत नाही. फोल्डिंगच्या गणितात दिसलं की हलता हलता त्यात एक खोबण क्षणभर उघडते. मग प्रयोगशाळेत तपासलं, तर ती खरोखर निघाली. २०२२ मध्ये शोधनिबंध आला. अशी दडलेली खोबण सापडणं म्हणजे औषध शोधणाऱ्याला दार कुठे आहे ते कळणं.

कोविडवर औषध शोधणाऱ्या 'कोविड मूनशॉट' प्रकल्पातही हेच गणित वापरलं गेलं. विषाणूच्या मुख्य प्रोटिएजला (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमला) अडवणारे रेणू शोधायचे होते. जगभरच्या रसायनतज्ज्ञांनी रेणू सुचवले, त्यातले कोणते आधी बनवून पाहावेत हे ठरवायला लोकांच्या घरच्या कार्डांनी मदत केली. सगळी माहिती पेटंटशिवाय खुली ठेवली, २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाली. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड या अशाच दुसऱ्या उपक्रमावर जपानच्या चिबा इथल्या संशोधकांनी न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कॅन्सरसाठी तीस लाख रेणू चाळून सात आशादायक निवडले होते. सातांपैकी कुठलंही आज औषधाच्या दुकानात नाही. तरी तीस लाखांवरून सातावर येणं प्रयोगशाळेत नळ्या हलवून कुणाला जमलं नसतं.

कुणी म्हणेल आता प्रोटीनचा आकार ओळखणारा अल्फाफोल्ड हा एआय प्रोग्राम आहे, मग हे कशाला? अल्फाफोल्ड मुख्यतः प्रोटीनचा स्थिर आकार देतो. ती खोबण उघडते कधी, हे हालचालीतच दिसतं. दोन्ही लागतात, आणि मी रोज दोन्ही वापरते.

अमरावतीचा_नाना

तर्कटराव, पैसे द्यायचे तर जरूर द्या, मी पण देतो. आणि ज्याच्याकडे दहा-बारा वर्षांचा जुना डेस्कटॉप आहे त्याला मी स्वतःच सांगतो की चालवू नको, वीज जास्त आणि काम थोडं. पण शर्वरीताईंकडचं कार्ड घेऊन झालेलं आहे, ते कपाटातल्या भांड्यासारखं पडून आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये अशी घराघरातली मशिनी जोडली गेली तेव्हा एकूण ताकद दोन एक्झाफ्लॉपच्या वर गेली होती (एक एक्झाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं), त्या वेळच्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या बेरजेहून जास्त. ती विकत घ्यायला कुठल्याही विद्यापीठाकडे पैसे नव्हते. आपण दिलेल्या देणगीतूनही ती आली नसती.

शर्वरी_चंद्रपूर

बाबांना हिशेब दाखवला. आमची सध्या दोनशे दहाच्या आसपास युनिटं येतात, त्यामुळे ते हो म्हणाले. आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, माझ्यासाठी नसलं तरी पुढच्यांसाठी चालव. नेटबँकिंगचं तेवढं सांगा. आणि आमच्याकडे लाइट जातात, मध्येच बंद पडलं तर काम वाया जातं का?

अमरावतीचा_नाना

आईंना माझा नमस्कार सांगा.

सॉफ्टवेअर फक्त फोल्डिंग अ‍ॅट होमच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'तुमचा कॉम्प्युटर भाड्याने द्या, पैसे कमवा' असल्या लिंका फिरतात, त्यांच्याशी याचा काही संबंध नाही. इथे कुणी पैसे देत नाही आणि मागतही नाही. तुमच्या फायली त्याला लागत नाहीत, ते काम उतरवतं आणि उत्तर चढवतं. बँकेसाठी जी काळजी घ्यायची ती एरवीसारखीच, विंडोज अपडेट ठेवा आणि पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नका.

लाइट गेले तर काळजी नाही. ठरावीक अंतराने काम डिस्कवर साठवलं जातं, पुन्हा सुरू केलं की तिथून पुढे चालतं. फक्त प्रत्येक युनिटला मुदत असते, ती टळली की तेच काम दुसऱ्या कुणाकडे जातं. म्हणून चार दिवस गावाला निघालात तर आदल्या रात्री 'पॉज' दाबू नका, 'फिनिश' दाबा. हातातलं युनिट पूर्ण करून ते आपोआप थांबतं, नवीन घेत नाही. दिवसा नोट्स काढताना अडथळा नको असेल तर 'मशीन रिकामं असतानाच' हा पर्याय चालू करा. माउस हलला की काम थांबतं.

नाव द्यायचं की नाही ती तुमची मर्जी. टीमच्या जागी शून्य ठेवलं तरी काम तेवढंच होतं. बरेच जण तिथे घरच्या माणसाचं नाव घालतात. पहिल्या आठवड्यात कार्डाचं तापमान बघत राहा, सत्तर-पंचाहत्तरच्या आत असेल तर उत्तम. त्याच्या वर जात असेल तर पॉवर लिमिट आणखी उतरवा आणि मला इथे कळवा.