फोटोग्राफीची पदवी घ्यावी की बाबांच्या स्टुडिओतच शिकावे?

कृष्णाकाठ_०७
नमस्कार. मी यंदा बारावी उत्तीर्ण झालो. तालुक्याच्या गावी बाबांचा फोटो स्टुडिओ असून पासपोर्ट फोटो, साखरपुडे, लग्ने आणि बारशी यांवर आमचे घर चालते. दहावीपासून मी लग्नांत दुसरा कॅमेरा सांभाळतो. मला मात्र जाहिरातींसाठी वस्तूंची फोटोग्राफी करायची आहे. बाबांचे म्हणणे असे, की जे घरात शिकायला मिळते त्यासाठी चार वर्षे आणि एवढा पैसा कशाला घालवायचा. त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे खोडता येत नाही. स्टुडिओत मिळणार नाही असे महाविद्यालयात नेमके काय मिळते?

प्रकाशमापक
मी उपयोजित कलेची, म्हणजे जाहिरातींसाठीच्या कलेची (अप्लाइड आर्ट), पदवी घेतली, त्यात फोटोग्राफी हा माझा विशेष विषय होता, आणि गेली चौदा वर्षे वस्तूंचीच फोटोग्राफी करतो आहे. आमच्या सरांनी एकदा टेबलावर स्टीलचा तांब्या ठेवला आणि याचा फोटो काढा, एवढेच सांगितले. माझ्या पहिल्या फोटोत तांब्याच्या पोटावर मी स्वतः, ट्रायपॉड, खिडकी आणि ट्यूबलाइट असे सगळे वाकडेतिकडे उमटले होते. फ्लॅश कमी-जास्त करून काही साधेना, कारण चकचकीत धातूच्या बाबतीत प्रकाश किती टाकायचा यापेक्षा त्या धातूत काय दिसू द्यायचे, हे आधी ठरवावे लागते. तांब्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू करून बाहेरून दिवा लावला, तेव्हा प्रतिबिंबे गेली, पण तांब्या पांढराफटक आणि सपाट दिसू लागला; मग दोन्ही कडांना काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या केल्या आणि त्यांच्या प्रतिबिंबाने त्याची गोलाई परत आली. यात तीन दिवस गेले. लग्नाच्या मांडवात हे तीन दिवस कोणी देत नाही. तिथे अक्षता पडतात त्या क्षणीच फोटो मिळवावा लागतो, आणि ते कौशल्य तुमच्याकडे आधीच आहे.

नंतर तो फोटो भिंतीवर लावून साऱ्या वर्गासमोर त्याची चिरफाड झाली. मला आजही वाटते, की महाविद्यालयाचे शुल्क मी त्या भिंतीसाठीच भरले.

एक व्यावहारिक सूचना करतो. राज्याच्या सीईटीतून उपयोजित कलेला प्रवेश घ्यायचा असेल, तर पुढे फोटोग्राफी करायची असली तरी वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांची तयारी लागते. चित्रकलेची सवय सुटली असेल तर आजपासून सराव सुरू करा. अहमदाबादच्या एनआयडीचा (राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा) फोटोग्राफी डिझाइनचा अभ्यासक्रम पदव्युत्तर आहे, त्यामुळे तो विचार नंतरचा.

सावली_पुणे
वरील उत्तराशी मी बरीचशी सहमत आहे, पण पदवीवाचून अडते असा समज होऊ नये. प्रसिद्ध छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्राचे पदवीधर होते आणि जाहिरात संस्थेत काम करत करत पुढे व्यक्तिचित्रणाकडे वळले. मी स्वतः दोन वर्षे एका फूड फोटोग्राफरकडे असिस्टंट होते. तारा गुंडाळणे, रिफ्लेक्टर धरणे आणि वाफ निघून जाण्यापूर्वी भाताचा ढीग पुन्हा रचणे, यांतून मी शिकले. उणीव एकच राहिली: काम बिघडले तर का बिघडले, हे समजावून सांगायला तिथे कोणाला सवड नसे.

जुना_डार्करूम
प्रवेश घेण्यापूर्वी त्या महाविद्यालयात स्वतः जाऊन या. माहितीपत्रकातील कॅमेऱ्यांच्या यादीवर जाऊ नका. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ पाहायला मागा आणि स्टुडिओ आठवड्यातून किती तास मिळतो, हे त्यांनाच विचारा. माझ्या मुलीच्या महाविद्यालयात उत्तम दिवे होते, पण ते बहुतेक वेळ कुलूपबंद असत.

कराराचा विषय शिकवतात का, हेही विचारा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा ग्राहक असतो. जाहिरातीच्या कामात उतरणाऱ्याला हे पहिल्या बिलाआधी ठाऊक हवे.

कृष्णाकाठ_०७
सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. तांब्याचा किस्सा काल रात्री बाबांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण आज सकाळी आईचा पितळी डबा घेऊन स्टुडिओत गेले आणि मला ट्रेसिंग पेपर आणायला पाठवले. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे मिळून दोन महाविद्यालये पाहायला जाणार आहोत.