मदत हवी आहे: ‘बर्क’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

अधीरमन: आज मला ‘यू डाफ्ट बर्क’ असे म्हटले गेले आणि सगळे हसले. शब्दकोशात ‘मूर्ख’ एवढेच दिले आहे. शब्द सौम्य आहे की नाही, हे मला उद्या सकाळपर्यंत कळायला हवे.

लीड्सकर: कोण म्हणाले आणि कशावरून म्हणाले, हे आपण लिहिलेलेच नाही. इथल्या नऊ वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, आधी ‘डाफ्ट’ (खुळा) लागले की ते बहुधा आपल्या ‘वेडा कुठला’इतकेच असते.

शब्दवेडा: इतके सोपे नाही. लंडनच्या कॉकनी बोलीत यमक जुळणारी शब्दजोडी घेऊन तिचा यमकाचा भागच गाळून टाकण्याची रीत आहे. ‘बर्क’ हा ‘बर्कली हंट’ किंवा ‘बर्कशायर हंट’ या जोडीचा उरलेला तुकडा मानला जातो आणि ‘हंट’शी जुळणारा, गाळलेल्या यमकामागचा शब्द स्त्रीच्या अवयवाचा, इंग्रजीतील अत्यंत असभ्य शब्दांपैकी एक आहे. (गंमत अशी, की बर्कली या गावाचा उच्चार तिथे ‘बार्कली’ असा होतो.)

लीड्सकर: व्युत्पत्ती मान्य, पण बोलणाऱ्यांपैकी अनेकांना ती ठाऊकच नसते. ‘मूर्ख’ याच अर्थाचे आणखी दोन शब्द घ्या: ‘प्रॅट’ म्हणजे सोळाव्या शतकातील चोरभाषेत कुल्ले, आणि ‘पिलॉक’चे मूळ पुरुषाच्या अवयवाच्या ज्या जुन्या शब्दात आहे, तो शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्येही सापडतो, तरी आज दोन्ही शब्द घरात सर्रास चालतात. आपण ‘च्यायला’ म्हणतो तेव्हा कोणाची आई मनात असते का?

संगणकमित्र: अशाच ‘गिट’ या इंग्रजी शिवीविषयी सांगतो. हे ‘गेट’, म्हणजे अपत्य, आणि त्यातही अनौरस अपत्य, या जुन्या शब्दाचे रूप आहे. ‘लिनक्स’चे जनक लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये संगणक-प्रोग्रॅममधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या आपल्या प्रणालीला हे नाव देताना, आपण सगळ्या प्रकल्पांना स्वतःचेच नाव देतो, असा विनोद केला होता.

अधीरमन: ‘गिट’विषयी मी विचारलेच नव्हते. म्हणाल्या त्या माझ्या घरमालकीणबाई, वय सत्तरच्या पुढे. मी चावी आत ठेवून दार ओढून घेतले होते.

लीड्सकर: मग ती मायाच समजा.

शब्दवेडा: तरीही हा शब्द त्यांना उलट म्हणू नका.

अधीरमन: तो मी त्याच वेळी, सर्वांसमोर, हसत हसत म्हटला. त्यानंतर कोणीच हसले नाही, आणि उद्या सकाळी मला त्यांच्याकडे भाडे द्यायला जायचे आहे.