गणिताच्या गृहपाठात पायऱ्या किती लिहायच्या? तुमचे अनुभव सांगा

लेक यंदा दहावीला आहे. परवा वहीत क्ष² − १५क्ष + ५४ = ० लिहिलं आणि खालच्याच ओळीत ‘क्ष = ९ किंवा क्ष = ६’. बाईंनी लाल शाईत ‘पायऱ्या?’ असं लिहून अर्धेच गुण दिले. ती रडवेली झाली. “आई, डोक्यात सुटलं, कॉपी नाही केली मी!” मला ते माहीत आहे, पण बाईंचंही चुकलं असं वाटत नाही. घरात काय नियम ठेवावा? शिक्षक, पालक, मुलं, सगळ्यांनीच लिहा.

निवृत्त शिक्षिका, सातारा
उत्तर बरोबर असलेली वही तपासायला मला कधीच त्रास झाला नाही, त्रास चुकलेल्या वहीचा. क्ष² = ५क्ष हे उदाहरण घ्या. दरवर्षी निम्मा वर्ग ‘क्ष = ५’ एवढंच लिहायचा. ज्याने ‘दोन्ही बाजूंना क्षने भागून’ ही ओळ लिहिली असेल, त्याला मी तिथेच बोट ठेवून विचारू शकायचे: क्ष शून्य असेल तर? दुसरं उत्तर शून्य आहे, ते या भागाकारात गेलं. नुसतं ५ लिहिणाऱ्याला काय समजावणार? त्याची चूक कुठे झाली हेच मला दिसत नाही.
मी मुलांना सांगायचे, जिथे तुम्ही काही ठरवता ती ओळ लिहा. अवयव पाडले, लिहा. सूत्र वापरलं, लिहा. १५ मधून ९ वजा केले, ते समासात.

बारावीचा विद्यार्थी, नांदेड
दहावीच्या सरावात भूमितीच्या सिद्धतेत मी ‘त्रिकोण समरूप’ असं थेट लिहायचो. कोणते दोन कोन एकरूप, का एकरूप, कोणती कसोटी, काहीच नाही. भूमितीत कारण म्हणजेच उत्तर, हे मला फार उशिरा कळलं.
आता उलटी अडचण आहे. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, तिथे पायरी कोण बघतंय? कच्चं काम इतकं तुटक झालं, की बोर्डाच्या सरावपरीक्षेत स्वतःचंच लिखाण मला लागेना. सध्या दोन वह्या ठेवल्या आहेत.

पालक, ठाणे
दुसरी बाजूही कोणीतरी लिहायला हवी. माझ्या मुलाला डिसग्राफिया आहे. गणित त्याला येतं, लिहिणं जमत नाही. आठवीत असताना वीस उदाहरणांचा गृहपाठ, प्रत्येकात सहा-सात ओळी. रात्री साडेअकराला तो पेन्सिल धरून बसलेला असायचा, बोटं दुखायची, आणि अक्षर वाईट म्हणून पुन्हा लिहायला लावायचे. गणित आवडणारा मुलगा गणिताच्या वहीला घाबरायला लागला होता.
नववीत नव्या सरांना आम्ही भेटलो. ते म्हणाले, पाच उदाहरणं पूर्ण पायऱ्यांनी लिहू दे, बाकीची तो मला तोंडी सांगेल. मधल्या सुट्टीत दहा मिनिटं ते त्याचं ऐकायचे. एवढ्याने वर्ष सुधारलं. बाकी मुलांनाही वीसच्या वीस सविस्तर का लिहायला लावतात, मला खरंच समजत नाही.

खासगी शिकवणी घेते, मडगाव
शाब्दिक उदाहरणात शेवटची पायरी हमखास राहते. वय −१२ आणि ८ अशी दोन उत्तरं आली, तर ‘वय ऋण नसते’ हे लिहायलाच हवं. मुलं ते मनात म्हणतात आणि ८ लिहून मोकळी होतात.

धागा काढणारी
सगळ्यांचे आभार. काल तिला वही मिटून तोंडी विचारलं, ९ आणि ६ सुचले कसे? “गुणाकार ५४, बेरीज १५, सोप्पंय!” म्हटलं, एवढंच लिही. तिने −९क्ष − ६क्ष असं मधलं पद फोडून चार ओळींत संपवलं.
मग साताऱ्याच्या बाईंचं क्ष² = ५क्ष दिलं. तिने झटकन ५ लिहिलं. मी काहीच बोलले नाही, फक्त वरची ओळ लिहायला सांगितली. ‘क्षने भागून’ एवढं लिहून पेन थांबलं, आणि तिने ते स्वतःच खोडलं.