६ मिमीच्या टेबलावर गनबोटी आणि टेहळणीचा बलून कसा बसवावा?

पूर्णाकाठ:
रामराम मंडळी. आमच्या गटात टेबलावरच्या लढाईखेळात (वॉरगेममध्ये) ६ मिमीचे सैनिक वापरून, म्हणजे १/३०० प्रमाणाला, अडगावची १८०३ ची लढाई चालू आहे. आता अमेरिकन यादवी युद्धातली १८६२ ची पेनिन्सुला मोहीम मांडायची आहे. टेबल ६ बाय ४ फूट. जेम्स नदीत गनबोट हवी आणि मागे टेहळणीचा बलून. मॉडेलं बाहेरून मागवणं परवडत नाही, तेव्हा अकोट-तेल्हाऱ्यात मिळेल त्यातच करायचं आहे. मापं काय धरावी? बलून उभा कसा राहील? आणि वरून सगळंच दिसू लागलं तर लपवलेल्या पलटणींचं काय करायचं? हाच बलून अडगावच्या टेबलावर चालेल का, तेही सांगा.

एकास_तीनशे:
भाऊ, बलूनचं माप सोपं आहे. उत्तरेच्या फौजेचा बलूनवाला थॅडियस लो याचा ‘इंट्रेपिड’ ३२,००० घनफुटांचा होता. गोल धरला तर व्यास १२ मीटर, १/३०० ला ४० मिमी. टेबल टेनिसचा चेंडू नेमका तेवढाच असतो. खरा बलून खाली निमुळता होत जातो, म्हणून चेंडूच्या तळाला एम-सीलचं सेंटीमीटरभर नरसाळं चढवा.

चेंडू नवा, साध्या प्लास्टिकचा घ्या. जुने सेल्युलॉइडचे भडकन पेट घेतात, भोक पाडायला त्यांना तापलेली सुई लावू नका. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासल्याशिवाय रंग धरत नाही, नखानं सोलून निघतो. स्प्रे करायचा तर उन्हाळ्यात पहाटे करा. आपल्याकडच्या ४४ अंशांत रंग चेंडूवर पोचायच्या आधीच हवेत सुकतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. पावसाळ्यात उलटं, दमटपणामुळे वार्निशवर पांढुरकी साय येते. रंग पिवळसर तपकिरी ठेवा, कारण मूळ कापड वार्निश लावलेलं रेशीम होतं. जाळीसाठी साडीची नेट गुंडाळायच्या भानगडीत पडू नका, गोलावर तिला चुण्या पडतातच. रबरबँड माथ्यावरून ताणून त्याच्या कडेनं बारीक तपकिरी पेननं १६ उभ्या रेघा मारा.

दांडा म्हणून सायकलचा स्पोक. त्याचं वाकडं टोक कापा आणि आटे असलेलं टोक खाली ठेवा. ५० मिमीचे दोन लोखंडी वॉशर एकावर एक चिकटवून मधल्या भोकात स्पोकचं निपल (आट्यांवर बसणारी छोटी नळी) एम-सीलनं बसवा. फेव्हिक्विक इथं नको, तो सांधा कडक पण ठिसूळ असतो, धक्क्याला सुटतो. निपलमुळे स्पोक फिरवून काढता येतो, डब्यात ठेवायला बरं. चेंडूच्या नरसाळ्यात रिकाम्या रिफिलचा २ सेंमी तुकडा पुरा, स्पोकचं वरचं टोक त्यात घट्ट बसतं. नाहीच शिरलं तर टोक थोडं घासा. एक स्पोक २५ सेंमीचा आणि दुसरा ६ सेंमीचा केला की बलून वर गेलाय की खाली आहे हे टेबलावरच कळतं. १,००० फूट उंची १/३०० ला मीटरभर होते, ती गाठायला जाऊ नका.

टोपली ४ मिमीची, एम-सीलची. ओली असतानाच सुईनं विणीच्या रेघा पाडा आणि आरपार भोक ठेवून स्पोकमध्ये ओवा, म्हणजे दांडा डोळ्यांत खुपत नाही. खाली बांधायच्या दोऱ्या पॉलिस्टरच्या असाव्या, फेव्हिकॉलमधून ओढून घेतल्या की त्यांचे तंतू बसतात.

सनबोर्डवाला:
बोटीसाठी फ्लेक्स छापणाऱ्याकडे सनबोर्डचे (हलक्या फोमच्या पाटीचे) तुकडे मागा, ढीग पडलेला असतो. थर्माकोल घेऊ नका, स्प्रे आणि फेव्हिक्विक दोन्ही त्याला खातात.

पहिली बोट ‘टीझर’ करा. ८० बाय १८ फूट, म्हणजे ८.१ बाय १.८ सेंमी. हीच बोट दक्षिणेचा बलून घेऊन जेम्स नदीत फिरत होती आणि ४ जुलै १८६२ ला बलूनसकट उत्तरेच्या ‘मॅराटान्झा’ बोटीच्या हाती लागली. तुमच्या टेबलाला याहून नेमकी बोट नाही. ५ मिमी सनबोर्डचा एकच थर पुरतो, कारण पाण्याखालचा भाग करायचाच नाही. वर ३ मिमीची केबिन आणि रिफिलचं धुराडं. तळाला झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशनचं कोरं पान घेऊन लावा, त्यावर मागची फेसाळ रेघ पांढऱ्या ॲक्रिलिकनं काढा. तयार बोट पत्र्याखाली ठेवू नका, सनबोर्ड उन्हानं पिळवटतो.

मिसिसिपीवरची गनबोट ‘कैरो’ १७५ फुटांची, म्हणजे जवळजवळ १८ सेंमी. तिला वळायला निदान ३० सेंमी रुंद नदी लागेल. ती पुढं बघू.

फासे_फीत:
नियमांचं सांगतो, कारण बलून इथंच फसतो. त्याची नजर अंतरानं तोडू नका, टेबलभर दिसू द्या. तोडायची ती झाडीनं. टेकडीमागचं दिसतं, जंगलातलं दिसत नाही. चालत्या पलटणीची धूळ दिसते, म्हणून रस्त्यावरची तुकडी उघडी करा, पण ‘पायदळ की घोडदळ’ एवढंच सांगा, संख्या नाही. शिवाय विरोधकाला तीन-चार खोटे मार्कर द्या. ओंडके रंगवून तोफा म्हणून मांडायचे प्रकार त्या युद्धात खरोखर झाले.

बातमीला वेळ लागतो. तार जोडलेली असेल तर पुढच्या टर्नला, नसेल तर दोन टर्ननी. तार अचाट वाटायला नको, लोनं जून १८६१ मध्येच बलूनमधून तार पाठवली होती. दर टर्नला दोन फासे टाका, १० किंवा जास्त आले तर वारा सुटला, बलून खाली. तोफेनं बलून फुटत नाही. लोच्या बलूनवर गोळे पुष्कळ सुटले, पण एकही बलून पडला नाही, कारण मैदानी तोफेचं तोंड तेवढं वर होत नाही. धोका असतो चढताना आणि उतरताना, तेव्हाच गोळीबार लागू करा आणि निकाल ‘खाली ओढला’ एवढाच.

वायूतही फरक ठेवा. उत्तरेकडं लोखंडाचा कीस आणि गंधकाम्ल यांवर वायू बनवणाऱ्या गाड्या होत्या, मैदानात पुन्हा भरता येतो. दक्षिणेचा बलून त्यांच्या राजधानीतल्या, रिचमंडच्या गॅसकारखान्यात भरून आणायचे, एकदा उतरला की त्या डावात संपला.

बोटीचं अंतर नेहमी धुराड्यापासून मोजा. मॉडेलं १/३०० ची असली, तरी मैदानावरच्या अंतराला १ सेंमी म्हणजे २० मीटर धरलं तर ८ सेंमीची ‘टीझर’ १६० मीटर जागा अडवते, टोकापासून मोजलं की तोफांना फुकटचा पल्ला मिळतो. वेगही छाटावा लागतो. ४ नॉटची संथ बोटसुद्धा १५ मिनिटांच्या टर्नमध्ये ९० सेंमी जाते, म्हणजे अर्धं टेबल. प्रवाहाविरुद्ध ३० आणि प्रवाहाबरोबर ४५ ठेवा.

अडगावला बलून नको. फ्रान्सनं फ्ल्यूरसच्या लढाईत १७९४ मध्ये वापरला खरा, पण त्यांची बलून तुकडी १७९९ मध्येच मोडली. १८०३ मध्ये वऱ्हाडात ना भोसल्यांकडं होता ना इंग्रज सेनापती वेलस्लीकडं.

पूर्णाकाठ:
फारच कामाचं. लोनं पोटोमॅकवर बलूनसाठी सपाट बार्ज वापरला होता ना? त्यावर हाच स्पोक उभा राहील?

एकास_तीनशे:
‘जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस’, नोव्हेंबर १८६१, मूळचा कोळशाचा बार्ज. १/३०० ला १२.४ बाय १.५ सेंमी, एवढ्या अरुंद तळावर स्पोक कलंडणारच, त्यात समोर कूलर चालू असला तर विचारूच नका. वेल्डिंगवाल्याकडून ३ मिमी जाड, १२ बाय ४ सेंमीची लोखंडी पट्टी कापून घ्या, वजन शंभर ग्रॅमच्या वर भरतं. पट्टी नदीच्या रंगात रंगवा, वर बार्ज चिकटवा आणि निपल बार्जमधून थेट पट्टीत बसवा. स्वतःचं इंजिन नव्हतं, तेव्हा पुढं ओढणारी बोट हवीच. ती बुडाली की बार्ज जागच्या जागी.