ऑक्टोबरची 'ऑटम' थीम ऐरोलीत कशी घ्यायची?

ऐरोलीची_शिशुताई

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीत एका छोट्या प्रीस्कूलमध्ये ज्युनिअर केजीला शिकवते. आमचा अभ्यासक्रम तयार किटवर चालतो, दर महिन्याला एक पाकीट. ऑक्टोबरचं पाकीट परवा उघडलं. थीम 'ऑटम'. आत मेपलची पानं कापायला, नारिंगी भोपळा रंगवायला, ओकच्या झाडाची फळं गोळा करणारी खार चिकटवायला. शिवाय पाठ करून घ्यायच्या तीन ओळी : पानं पिवळी होतात, पानं गळतात, आपण स्वेटर घालतो.

ऑक्टोबरमध्ये माझ्या वर्गात दोन्ही पंखे जोरात चालू असतात, तरी मुलांचे केस कपाळाला चिकटलेले असतात. खिडकीबाहेर देशी बदाम आहे. तो तेव्हा हिरवागार असतो. त्याची पानं लाल होऊन पडतात ती जानेवारी-फेब्रुवारीकडे. मग 'बघा, बाहेर पानं गळतायत' हे मी कुठल्या तोंडाने सांगू? या वयात बाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. बाई सांगतात एक आणि खिडकीतून दिसतं दुसरं असं झालं की मूल खिडकीकडे बघायचं सोडून देतं, आणि मला नेमकं तेच नको आहे. मला ती खिडकीला नाक लावून बसलेली हवी आहेत.

अडचणी अशा. थीमचं नाव बदलता येत नाही. कोऑर्डिनेटर मॅडमना भिंतीवर डिस्प्ले हवा आणि प्रत्येक मुलाच्या फाईलमध्ये चार कामं हवीत. सहल नाही. समोर सोसायटीची बाग आहे, तिथे सकाळी थोडा वेळ मुलांना नेता येतं. खर्चाला पैसे जवळपास नाहीत.

तर ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे खरोखर काय बदलतं, जे चार वर्षांच्या मुलाला हातात घेता येईल, वास घेता येईल? आणि पानगळीचं काय करू? ती गाळू, की कुठेतरी सांगू?

खारघरची_आई

ताई, तुम्ही हे विचारलंत याचा फार आनंद झाला. माझी मुलगी गेल्या वर्षी असंच भोपळ्याचं चित्र घेऊन घरी आली आणि 'आपल्याकडे ऑटम कधी येणार?' असं रोज विचारायची. जणू ती कुणाची तरी वाट बघत होती. मला उत्तर देता येईना.

पालक म्हणून एक सुचवते. घरून वस्तू मागवा, आम्ही पाठवू. सीताफळं, शिंगाडे, झेंडू, शेवंती हे सगळं त्या दिवसांत बाजारात असतंच. शिंगाड्याची ती दोन शिंगं मुलांना खूप आवडतात. आमच्याकडे तर सोलण्याआधी अर्धा तास त्याचा बैल होतो.

नौपाड्याची_बालवाडी

मी ठाण्यात नौपाड्याला बालवाडी चालवत होते, आता निवृत्त आहे. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या बागेतच पडलेलं मिळेल. आपल्याकडे शरदात पानं गळत नाहीत, फुलं गळतात. 'गळणं' हा विषय तसाच ठेवा, फक्त गळणारी वस्तू बदला. मॅडमनाही काही वावगं वाटणार नाही.

पहिला मान प्राजक्ताचा. रात्री फुलतो आणि पहाटे सडा पडतो. शाळा भरायच्या आधी जाऊन ताटभर फुलं आणा. प्रत्येक मुलापुढे वर्तमानपत्राचा तुकडा, त्यावर मूठभर फुलं. काम एकच : पांढऱ्या पाकळ्या एकीकडे, केशरी देठ दुसरीकडे. करून बघा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत देठ धरून तो अलगद ओढावा लागतो. जोर लावला की फूल चुरगळतं, हलकं धरलं की निसटतं. पेन्सिल धरायला हीच चिमटी लागते आणि ती कमावायला इतकं सुंदर साधन मी दुसरं पाहिलेलं नाही. मुलं जीभ बाहेर काढून, एक शब्द न बोलता हे करत बसतात.

मग ते देठ कोमट पाण्यात घालून चुरायचे, पाणी पिवळं-केशरी होतं. त्यात जुन्या पांढऱ्या धोतराच्या पट्ट्या बुडवून वाळवा. भिंतीवर कागदी मेपलच्या जागी या पट्ट्या लावा, खाली मुलांच्या बोटांचे ठसे. पूर्वी या देठांनी कापड रंगवत असत, हेही सांगा. कुणाची पणजी असेल तर ती दुजोरा देईल.

दुसरं झाड बुचाचं, म्हणजे आकाशनिंब. लांब दांडीची पांढरी फुलं साधारण ऑक्टोबरपासून पडायला लागतात. ती लांबीप्रमाणे लावा, लहानापासून मोठ्यापर्यंत. एकाची दांडी दुसऱ्यात गुंफून बिनदोऱ्याची वेणी होते, ती मोठ्यांनी करून दाखवावी. तिसरी सप्तपर्णी. नवी मुंबईत रस्त्याच्या कडेने ती भरपूर लावलेली आहे, आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी तिचा उग्र वास नाकात शिरल्याशिवाय राहत नाही. मुलांना घरी जाताना वास घ्यायला सांगा आणि सकाळी विचारा, आवडला की नाही. दोन रकाने करा, मुलाने आपल्या नावाची चिठ्ठी हव्या त्या रकान्यात लावायची. झाला तुमचा पहिला आलेख. तिचं पान पाच-सात पानांचा गोल झुबका असतं, ते मोजायला घ्या. पान तोडलं की पांढरा चीक येतो, म्हणून तोडायचं काम तुम्हीच करा.

दसऱ्याला आपट्याचं पान घ्या. दोन सारख्या पाळ्या आणि मधोमध शीर. मिटलं की बाजूवर बाजू तंतोतंत बसते. हाच तुमचा 'दोन सारखे भाग' हा धडा. फांद्या ओरबाडून आणू नका. दोन मुलांत एक पान पुरतं, आणि बाजारात आपटा म्हणून कांचनही विकतात, तेव्हा घेताना बघून घ्या.

भोंडला तर या वयासाठीच आहे असं मला वाटतं. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा, आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा कानाशी हलवायचा : खळखळ वाजतंय की गप्प आहे? मग मुलांनी विचारायचं, गोड की तिखट, कडक की मऊ, पांढरं की पिवळं. चार वर्षांचं मूल नुसतं 'लाडू, लाडू' ओरडत सुटतं. दोन-चार दिवसांत तेच प्रश्न विचारून एकेक शक्यता गाळायला लागतं. असे विचार करायला शिकवणारं खेळणं विकत मिळत नाही. वर्गात सगळ्या घरांतली मुलं असतात, तेव्हा हत्तीभोवतीचा फेर आणि डब्याचा खेळ एवढंच ठेवलं तरी चालतं.

आणि भाताची लोंबी. मुरबाड-शहापूरकडे किंवा घोडबंदरच्या मागच्या बाजूला कुणाचं शेत असेल तर एक जुडी मागवा, कापणी त्याच सुमाराला असते. नखाने तूस सोलून आतला दाणा काढायचा. रोज डब्यात येणारा भात या कवचात होता, हे मुलाला स्वतःच्या नखाने कळतं. एकदा एका मुलाने दाणा काढला आणि 'बाई, हा शिजला नाहीये अजून' म्हणून मला परत दिला.

जपायच्या गोष्टी : गुंज, कण्हेर आणि पिवळी बिट्टी मुलांच्या हाती देऊ नका. बिट्टीने आपण लहानपणी खेळलो असलो तरी ती विषारी आहे, गुंजही तशीच. सीताफळाच्या बिया मोजून झाल्या की लगेच परत घ्या, तोंडात जाता कामा नयेत. त्या फोडून डोळ्यात गेल्या तर फार त्रास होतो. बागेत नऊच्या आत जाऊन या, नंतर ऊन सोसत नाही.

ऐरोलीची_शिशुताई

बाई, काय बोलू! खिरापतीचा खेळ उद्यापासूनच सुरू करते, नवरात्राची वाटही बघत नाही. दोन शंका राहिल्या. मॅडम म्हणतील, 'हे सगळं छान आहे, पण किटचा उद्देश कुठे आला?' आणि पानगळ पूर्ण सोडून द्यायचं माझ्या जिवावर येतंय. माझ्या वर्गात एका मुलाची मावशी कॅनडात आहे, त्याने व्हिडिओ कॉलवर लाल झाडं पाहिलेली आहेत.

नौपाड्याची_बालवाडी

किटच्या मागच्या पानावर उद्दिष्टं छापलेली असतात, ती मॅडमपुढे ठेवा. वर्गीकरण, रंग ओळखणं, क्रम लावणं, मोजणं, बोटांचं काम. वर सांगितलेल्यात यातलं एकही सुटलेलं नाही. शिवाय २०२२ साली पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा आहे तो. त्यात परिसरातलं साहित्य आणि मुलाच्या घरची भाषा यांवर स्पष्ट भर आहे. खरं तर आपल्या भागाला हे नवीन नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला नेलं. तेव्हा तो ठाणे जिल्हाच होता. परदेशी पद्धतीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत म्हणून त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपले, खडे यांतून शिक्षण उभं केलं. त्याच जिल्ह्याच्या मातीत वाढलेल्या आपण कागदी मेपल का कापत बसायचं?

पानगळ सोडू नका, तिच्या जागी ठेवा. कॅनडातल्या मावशीचा एक दिवस करा. पृथ्वीचा गोल आणा आणि सांगा, तिथे आता दिवस लहान होत चाललाय, थंडी येतेय, म्हणून झाड पानातला हिरवा रंग मोडून आतलं कामाचं परत घेतं आणि मग पान सोडून देतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला.

हे 'झाकलेलं पिवळं' आपल्याकडेही दाखवता येतं. घटस्थापनेच्या दिवशी दोन परड्यांत माती घालून गहू पेरा. एक परडी खिडकीत, एक कपाटात काळोखात, दोन्हींना रोज पाणी. दसऱ्यापर्यंत खिडकीतली रोपं हिरवी होतात आणि कपाटातली पिवळी, लांबुळकी. देवापुढचा घट पिवळा का होतो तेही यातच आलं. मग ती पिवळी परडी खिडकीत आणून ठेवा, हळूहळू हिरवी होते. मुलं सकाळी दप्तर टाकायच्या आधी परडीकडे धावतात.

आपली पानगळ फेब्रुवारीत घ्या. तेव्हा तुमचा बदाम लाल असेल, त्याच सुमारास पिंपळही पानं टाकतो. आपली झाडं थंडीने नाही, तर पाऊस संपून महिने झालेले असतात म्हणून पाणी वाचवायला पानं सोडतात. ऑक्टोबरच्या फाईलमध्ये बदामाच्या एका ठरलेल्या फांदीचं चित्र प्रत्येकाकडून काढून घ्या, फेब्रुवारीत त्याच फांदीचं पुन्हा. मॅडमना असं काम दुसऱ्या कुठल्या वर्गात दिसणार नाही.

घोडबंदरचा_बाबा

मी शिक्षक नाही, पण ओवळ्याजवळ राहतो म्हणून लिहितो. पाऊस ओसरल्यावर इथे ओवळेकर वाडीत फुलपाखरं जोरात असतात. तुमची सहल नसली तरी पालकांना रविवारी जायला सांगता येईल. वर्गात कढीपत्त्याची किंवा लिंबाची कुंडी ठेवा. त्यावर फुलपाखरं अंडी घालतात, आणि लहान अळी अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तेव्हा कचरा समजून झटकू नका. राज्य फुलपाखरू असलेल्या ब्लू मॉर्मनची अळीही लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढते.

आणखी एक. माझ्या मुलाच्या बाईंनी मैदानात काठी रोवून दर सोमवारी मधल्या सुट्टीत सावलीच्या टोकाला खडूची खूण करायला लावली होती. सप्टेंबरअखेर ते दिवाळीनंतरपर्यंत सावली लांबतच जाते, कारण सूर्य दक्षिणेकडे सरकत असतो. स्वेटर नसला तरी ऋतू बदलतोय हे मुलांना पायाखाली दिसतं. वेळ मात्र दर वेळी तीच ठेवा.

ऐरोलीची_शिशुताई

दादा, काठी आणि कुंडी दोन्ही घेते. कढीपत्ता तर शाळेच्या स्वयंपाकघरामागे आहेच.

माझं ठरलंय. भिंतीवर वरच्या पट्टीत किटचं 'ऑटम' नाव राहील, त्याखाली मोठ्या अक्षरांत 'आपला शरद'. फाईलमधली चार कामं : प्राजक्ताच्या रंगाची पट्टी, सप्तपर्णीच्या वासाच्या आलेखाचा फोटो, आपट्याची घडी, बदामाची फांदी. पाठांतराच्या तीन ओळी कॅनडाच्या दिवशी म्हणून घेईन, 'तिथे' हा शब्द आधी लावून. फक्त समोरच्या बागेत प्राजक्त नाही, बुच आहे. ऐरोली-रबाळे-घणसोलीत कुणाच्या आवारात प्राजक्त असेल तर कृपया सांगा, मी सकाळी सातला येऊन फुलं घेऊन जाईन.

रबाळेकर

आमच्या इमारतीच्या गेटजवळ आहे, चांगला मोठा. पण झाडलोट साडेसहालाच होते, सातला काही उरत नाही. आदल्या रात्री झाडाखाली जुनी चादर अंथरून ठेवतो आणि वॉचमनला सांगून ठेवतो. कुठल्या दिवशी येताय ते इथे टाका, आणि पिशवी नको, पसरट टोपली आणा, पिशवीत फुलं काळी पडतात.