बाळाच्या नावापुढे आडनाव हवंच का?

रिकामा_रकाना
बारसं झालं, पेढे संपले, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं भांडण मात्र चालू आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी राज्य सरकारने क्रम ठरवून दिलाय: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. मला लेकीच्या दाखल्यावर शेवटचा रकाना कोरा ठेवायचाय.

कारण सांगते. भाड्याचं घर बघायला गेलो होतो. मालकीणबाईंनी माझं नाव तीनदा विचारलं. ऐकू पहिल्यांदाच आलं होतं, त्यांना आडनाव हवं होतं. ते कळल्यावर पुढचा प्रश्न, "म्हणजे तुम्ही कुठले?" आमचं आडनाव 'कर'वालं, त्यामुळे बाईंचा अंदाज चुकत होता आणि चेहऱ्यावर ते दिसत होतं.

आणि हे काही पाश्चात्त्य खूळ नाही. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ: स्वतःचं नाव, बापाचं नाव, झालं. घराणं भट होतं हे मुद्दाम शोधावं लागतं. नाना फडणवीस मूळचे भानू, कागदावर बाळाजी जनार्दन, आणि लोकांच्या तोंडी उरला तो हुद्दा. फर्द लिहिणारा तो फडणवीस, फारशी लिहिणारा तो पारसनीस. नोकरी गेली, आडनाव राहिलं!

पासपोर्टग्रस्त
ताई, पेशव्यांना व्हिसा काढावा लागत नव्हता.
माझ्या मदुराईच्या सहकाऱ्याच्या पासपोर्टावर एकच शब्द आहे. अमेरिकेच्या व्हिसावर त्याच्या पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून आलं, म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही'. आता बँकेपासून दंतवैद्यापर्यंत सगळे त्याला मिस्टर एफएनयू म्हणतात. अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२ मध्ये एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर घेणार नाही असं जाहीर केलं होतं. मग पासपोर्टाच्या आतल्या पानावर वडिलांचं नाव असेल तर चालेल अशी सवलत दिली. पोरीला विमानतळावर रडवायचं असेल तर ठेवा कोरा.

रिकामा_रकाना
पण माझ्या लेकीला एक शब्द नाही, तीन आहेत. विश्वनाथन आनंदचं 'आनंद' हे आडनाव नाहीच, ते त्याचं स्वतःचं नाव. विश्वनाथन वडील. अडलं का त्याचं काही?

पासपोर्टग्रस्त
तो विश्वविजेता होता. आपण रांगेतले.

आगरातला_नारळ
आडनावावरून जात कळते म्हणून आडनाव नको, हा तर्क आमच्या रायगडात आपटतो. पेणकर म्हणजे कोण, सांगा पाहू? त्यात बेने इस्राएलही आले, म्हणजे आमच्या कोकणातले ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. अब्राहमचा अबाजी झाला, सॅम्युअलचा सामाजी. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमचे केहिमकर. पुढे बरेचसे इस्रायलला गेले. तिकडे अश्दोद-दिमोनात दारावरची पाटी हिब्रूत असेल, पण आडनाव वाचलं की आमची एसटी डोळ्यांपुढे येते. त्यांनी तुमच्यासारखा रकाना कोरा सोडला असता तर एवढा पत्ताही उरला नसता. 'कर' म्हणजे जातीचा दाखला नव्हे हो, मुक्कामपोस्ट आहे.

शंकेखोर
सुंदर, पण ही सोय 'कर'वाल्यांची. ज्यांना आडनाव गावाने चिकटवलंय, हिणवायलाच, त्यांनी कुठली मुक्कामपोस्ट जपायची? राजपत्रातल्या नावबदलाच्या जाहिराती कधी वाचल्यात का? आणि 'कर' घेता येतं, हेही विसरू नका. सकपाळांच्या घरातल्या मुलाचं 'आंबेडकर' हे आडनाव आंबडवे गावावरून आलं. मंगेशकर हे दीनानाथांनी मंगेशीवरून घेतलं. आडनाव वारसा असेल-नसेल, निवड नक्कीच आहे.

तमिळनाडूत तर १९२९ मध्ये चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत जातीच्या उपाध्या टाकायचा ठराव झाला. त्या चळवळीचे नेते पेरियार, त्यांनी स्वतःचं 'नायकर' टाकलं. आज तिकडे वडिलांचं आद्याक्षर लावतात आणि काम भागतं.

आगरातला_नारळ
जात गेली का पण तिकडची?

शंकेखोर
नाही गेली. नाव सांगताना आधी तीच सांगावी लागत नाही, एवढंच. तेवढं पुरे आहे मला.

हिमगौरी
आइसलँडमध्ये हेच तर करतात. विग्दिस फिन्बोगादोत्तिर, १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या. फिन्बोगीची मुलगी, बस. फोनच्या यादीतही माणूस पहिल्या नावाने शोधायचा.

पासपोर्टग्रस्त
अख्खा आइसलँड चार लाखांच्या आसपास. पिंपरी-चिंचवडात २०११ लाच सतरा लाख होते. शोधा तिथे 'सचिन'.

कुसुममावशी
तुम्ही सगळे आडनावावर भांडताय. माझं नावच गेलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीने त्यावर काहीतरी गिरवलं. मला उलट्या बाजूने वाचताच येईना. शेजारच्या जाऊबाईंनी कानात सांगितलं की आजपासून तू अमुक. निवृत्तीच्या वेळी एका कार्यालयाने विचारलं, दाखल्यावरची बाई आणि तुम्ही एकच कशावरून? प्रतिज्ञापत्र केलं. माहेरच्या नावाने हाक मारणारा आता एक भाऊ उरलाय, त्यालाही कमी ऐकू येतं.

आणि धागाकर्तीला एक विचारते. त्याच नव्या नियमात लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही जुनी पद्धत तशीच ठेवलीय. म्हणजे लेकीला आईचं नाव मिळालं ते अक्षता पडेपर्यंतच का?

हिमगौरी
मावशी, जपानात नवरा-बायकोचं आडनाव एकच हवं असा कायदाच आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्ये तो कायम केला. कोणाचं घ्यायचं ते जोडप्याने ठरवायचं. शंभरात पंचाण्णवच्या आसपास वेळा बदलते ती बायकोच.

आगरातला_नारळ
धागाकर्तीला व्यवहाराचं: जन्माची नोंद २१ दिवसांत करा. त्यात बाळाचं नाव लगेच लागत नाही, वर्षभर फुकट घालता येतं आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. घाई नको.

रिकामा_रकाना
मावशींच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. नवऱ्याकडेही नाही, त्याला वाचून दाखवला.
नारळांच्या मुक्कामपोस्टीमुळे काल सासऱ्यांना विचारलं, आपलं आडनाव ज्या गावाचं, ते आहे कुठे? गेले पंधरा दिवस ग्रुपवर 'घराण्याचं नाव' म्हणून तेच सगळ्यांत मोठ्याने भांडतायत. चष्मा काढून पुसला, परत लावला. म्हणाले, "देवगडाच्या बाजूला असावं. नाहीतर राजापुराच्या." आता दोघं आजोबा-नात नकाशा उघडून बसलेत. नात झोपलीय.