मदत हवी आहे: रॅटचं वजन घटतंय ते चवीमुळे की पदार्थामुळे?

विस्टार रॅट, खाद्यात मिसळलेला गोडी देणारा पदार्थ, ओईसीडी 453 (दीर्घकालीन विषारीपणा आणि कर्करोग एकत्र तपासायची मार्गदर्शिका) प्रमाणे 104 आठवडे. पातळ्या 0, 0.3, 1 आणि 3 टक्के. 13व्या आठवड्यात 3 टक्के गटातल्या माद्या कंट्रोलपेक्षा 11 टक्क्यांनी हलक्या, पण खाद्याचा खप जवळपास तेवढाच दिसतोय.

हा खपाचा आकडाच खोटा वाटतो. पिंजऱ्याखालच्या ट्रेमध्ये लघवीने भिजलेला पांढरट चुरा साचतो, म्हणजे उकरून सांडलेलं खाद्यही पोटात गेलं असं धरलं जातंय. डोसही त्यामुळे फुगतो: 250 ग्रॅमची मादी रोज 16 ग्रॅम खाते असं धरलं तर किलोमागे 1,920 मिग्रॅ, त्यातले 3 ग्रॅम सांडले तर 1,560च.

सुक्रलोजच्या मूल्यमापनात वजनघटीवरून असाच काथ्याकूट झाला होता. तेव्हा खाद्य मर्यादित ठेवलेल्या गटाशी तुलना कामी आली. आम्हीही वेगळा पेअर-फेड गट, म्हणजे 3 टक्के गट खातो तेवढंच पण पदार्थाविना खाद्य मिळणारा गट, लावायचा म्हणतोय (नीतिमत्ता समितीची परवानगी घेऊनच). अडचण अशी, की मोजकं खाद्य एकदम टाकलं की रॅट ते काही तासांत फस्त करतात आणि पुढे उपाशी राहतात. मग कॉर्टिकोस्टेरॉन (ताणाचं संप्रेरक), यकृताचं वजन, सगळंच हलतं. रात्री दोन-तीन हप्त्यांत विभागून देणारं कुणी आहे का? गटात किती माद्या घेता?

आणि भिजलेला चुरा वाळवून, विष्ठा चाळून वजन करता, की सरळ खोल तोंडाची भांडी बदलता? दोन वर्षं नळीने पाजायचं कृपया सुचवू नका, चुकून फुप्फुसात गेलं की जनावर हातचं जातं.